सहीआधीचा प्रश्न

मे महिन्यात आमच्या तालुक्याच्या गावी मी बारावी झालेल्या मुलामुलींसाठी दहा दिवसांचा कायद्याचा वर्ग घेतो. परीक्षा नाही, गुण नाहीत. वकील घडवावेत हा हेतूही नाही. अठरा वर्षे पूर्ण झाली की माणसाच्या सहीला कायद्याने किंमत येते. ती किंमत कळावी, एवढ्यासाठी हा खटाटोप.

पहिल्या वर्षी मी राज्यघटनेची कलमे फळ्यावर लिहीत गेलो, मुले उतरवून घेत गेली. चौथ्या दिवशी निम्मे बाक रिकामे! चूक माझीच होती. मग मी पुस्तक मिटले आणि मुलांना घरातले कागद आणायला सांगितले. सातबारा, भाडेकरार, दुकानाची पावती. वर्ग बोलू लागला.

सातबारा आणि फेरफार वाचता वाचता एका मुलीने विचारले, "सर, हक्कसोडपत्र म्हणजे काय?" वडील जाऊन वर्ष झाले होते. येत्या सोमवारी भाऊ तिला सहीसाठी दुय्यम निबंधक कार्यालयात नेणार होता.

मी सांगितले, हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे. त्या वर्षी 9 सप्टेंबरला वडील हयात असायलाच हवेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. आणि नोंदणीकृत हक्कसोडपत्र एकदा झाले की ते फिरवणे सोपे नसते. फसवणूक किंवा दडपण कोर्टात सिद्ध करावे लागते.

मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "पण सर, बहिणीनं हिस्सा मागितला की माहेर तुटतं."

वर्ग गप्प झाला. श्रोतेहो, कलम माझ्याजवळ होते, पण या बोलण्यावर उत्तर नव्हते. थोड्या वेळाने मी एवढेच म्हणालो, "कायदा तिला हिस्सा घेच असं म्हणत नाही, सोडच असंही म्हणत नाही. समजून घेऊन ठरव, असं म्हणतो." तालुका विधी सेवा समितीत स्त्रियांना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत सल्ला मिळतो, हेही तिला सांगितले.

सोमवारी ती वर्गात हजर होती. "दादाला म्हटलं, मसुदा घरी आण, वाचून सांगते. दोन दिवस तो बोलला नाही. काल मात्र घेऊन आला." पुढे तिने सही केली की नाही, मी विचारले नाही. तो तिचा निर्णय.

शेवटच्या दिवशी तो मागच्या बाकावरचा मुलगा आपल्या घरचा सातबारा घेऊन पुढे आला. हळूच म्हणाला, "सर, यात आत्याचं नाव नाही. ते कोणत्या फेरफारानं गेलं, कसं शोधायचं?"