रिकाम्या कोठड्यांची साक्ष

नव्या जीवाश्माचा शोध म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे प्रचंड हाडे उभी राहतात. मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे, त्या ब्रायोझोआंमधील एकेक जीव बहुधा मिलिमीटरभरही नसतो. ग्रीक नावाचा अर्थ ‘शेवाळप्राणी’. परंतु शेवाळाशी नाते दिसण्यापुरतेच. हे जीव वसाहत करून राहतात. बहुतेकांची चुनखडीची कोठडी असते, तिला मुखरंध्र असते, आणि त्यातून बाहेर येऊन पाण्यातील अन्नकण टिपणारा संस्पर्शकांचा झुबका असतो. (‘कोठडी’ हा शब्द मी जाणून योजला आहे, ‘कोश’ म्हटले की आपल्याला फुलपाखरू आठवते.) मृत्यूनंतर झुबका कुजतो, कोठडी उरते.

नव्या जातीचे वर्णन करावयाचे ते या रिकाम्या घरांवरून. अभ्यासक इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मुखरंध्रे मोजतो. एक नव्हे, अनेक, कारण एकाच वसाहतीतील कोठड्याही हुबेहूब सारख्या नसतात. काही गटांत पक्ष्याच्या चोचीसारखा जबडा असलेल्या कोठड्या आढळतात. त्यांची जागा, तसेच भ्रूण सांभाळणाऱ्या फुगीर कप्प्याचा आकार, हेही नोंदावे लागते. त्यानंतर पूर्वी वर्णिलेल्या जातींशी तुलना, आणि खरे कष्ट येथेच आहेत. दक्षिण भारतातील क्रिटेशस खडकांमधल्या ब्रायोझोआंचे वर्णन फर्डिनांड स्टोलिच्का यांनी 1872 मध्ये प्रसिद्ध केले. तेथे आज कोणास नवी जाती सापडल्यासारखी वाटली, तर दीडशे वर्षांपूर्वीची ती पाने प्रथम उघडावी लागतात.

मग नाव द्यावयाचे. 1999 नंतर प्रसिद्ध होणाऱ्या जातींसाठी नावाचा आधार असलेला नमुना वा नमुने स्पष्टपणे नेमणे आंतरराष्ट्रीय नियमांनी आवश्यक केले आहे. नाव त्या दगडाशी बांधलेले असते, अभ्यासकाच्या मताशी नव्हे.

हा भेद किती मोलाचा आहे, ते प्रोटोमेलिशनच्या प्रकरणात दिसते. दक्षिण ऑस्ट्रेलियातील कँब्रियन खडकांमधील या इवल्याशा जीवाश्माला 1993 मध्ये नाव मिळाले. त्याचे नाते मात्र संदिग्धच राहिले. 2021 मध्ये ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण चीनमधील नमुने तपासून संशोधकांनी ‘नेचर’मध्ये तो ब्रायोझोआ असल्याचे प्रतिपादन केले. या संघाचा इतिहास त्यामुळे कँब्रियन काळापर्यंत, काही कोटी वर्षे मागे गेला असता. परंतु 2023 मध्ये त्याच नियतकालिकात दुसऱ्या गटाने युन्नानमधील, मऊ भागही टिकून राहिलेले जीवाश्म मांडले. कोठड्यांमधून संस्पर्शक नव्हे, तर साध्या पानांसारखे पापुद्रे बाहेर आलेले होते. त्यांच्या मते हा प्राणीच नव्हे, हिरवे शैवाल आहे. तसे असेल, तर ब्रायोझोआंचे निर्विवाद जीवाश्म पुन्हा ऑर्डोव्हिशियन काळापासूनच मोजावे लागतात.