बाळाची चिंधी



तुमच्या घरात, नाहीतर शेजारी, असे एखादे मूल तुम्ही नक्की पाहिले असेल. वय दीड-दोन वर्षांचे. झोप आली की ते एक ठरावीक फडके शोधू लागते. कुणाचे ते दुपट्याचे टोक असते, कुणाचा आईच्या जुन्या साडीचा तुकडा, कुणाची आजीच्या गोधडीची विरलेली कड. फडके गालाशी धरले, अंगठा तोंडात गेला, की डोळे मिटलेच! घरातली मोठी माणसे हसतात, काही रागावतात. "शी! केवढी मळकी चिंधी ती! टाक पाहू!" म्हणतात. आज मला या चिंधीविषयीच चार शब्द सांगायचे आहेत. तिच्यात मुलाचा धीर असतो. पण वेळेआधी ती बाळाच्या अंथरुणात गेली, तर तिच्यापासून धोकाही असतो. दोन्ही गोष्टी आपल्याला ठाऊक हव्यात.

आधी माझीच चूक सांगतो. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. माझी मुलगी अडीच वर्षांची असताना तिच्यापाशी माझ्या आईच्या जुन्या लुगड्याचा वीतभर तुकडा असे. त्याला ती 'मऊ' म्हणायची. एके दिवशी मला वाटले, ही सवय आता पुरे झाली. मी तो तुकडा उचलला आणि न्हाणीतल्या बंबात टाकला. त्या रात्री पोर झोपली नाही. दुसऱ्या दिवशी आईने ट्रंकेतून तेच लुगडे काढले आणि तसाच तुकडा फाडून तिला दिला. तिने तो नाकाशी नेला आणि परत केला. "हे मऊ नाही," म्हणाली. आई मला एवढेच बोलली, "अरे, टाकण्याआधी मला तरी विचारायचंस."

लाज वाटते ती अशासाठी, की या विषयावर मी वर्गात व्याख्याने देत होतो. डोनाल्ड विनिकॉट नावाचे इंग्लंडमधील एक बालरोगतज्ज्ञ होते. त्यांनी १९५१ साली या फडक्यावर एक निबंध वाचला. तो १९५३ साली छापून आला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : आई आणि आपण वेगळे आहोत, हे तान्ह्या मुलाला हळूहळू उमगते. आई सदासर्वदा जवळ नसते. त्या वेळी मूल एखादी मऊ वस्तू आपलीशी करते आणि तिच्या आधाराने आईविना राहायला शिकते. ती वस्तू मूलच निवडते, आणि मोठे झाल्यावर तिच्यातून आपणहून बाहेरही पडते. पुढे १९५८ साली अमेरिकेत हॅरी हार्लो यांनी माकडांच्या पिलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पिलांपुढे एक तारेची 'आई' ठेवली होती व एक मऊ कापडाची. दूध तारेच्या आईपाशी असले, तरी ते पिऊन पिले कापडाच्याच आईला बिलगत. प्रयोग निर्दय होता खरा. पण पोट भरणे आणि धीर मिळणे या दोन निराळ्या गरजा आहेत, हे त्यातून दिसले.

आता धोक्याकडे वळू. एक वर्षाच्या आतील बाळाला तोंडावर आलेले पांघरूण नीट बाजूला सारता येत नाही. नाक दबले तर श्वास कोंडतो, आणि बाळ रडून हाकही मारू शकत नाही. म्हणून वर्ष पुरे होईपर्यंत झोपेच्या जागी सुटे फडके, जाड गोधडी, उशी, कापडी बाहुली यांतले काहीच नको. आपल्याकडे डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी देतात, तीही नको. अंथरूण सपाट व घट्ट असावे, आणि बाळाला प्रत्येक वेळी उताणे निजवावे. अमेरिकेत १९९४ साली उताणे निजवण्याची मोहीम सुरू झाली. पुढील काही वर्षांतच झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले.

"मग थंडीत काय करायचे?" असे आजीबाई विचारतील. अंगड्यावर आणखी एक अंगडे घाला. पोटाला किंवा मानेच्या मागे हात लावून पाहा. घाम आला असेल तर एक कपडा कमी करा. दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ ताणून बांधू नका. त्याने खुब्याचा सांधा निखळण्याची भीती असते. बाळ कुशीवर वळू लागले की गुंडाळणे बंद करावे.

वर्षानंतर मूल फडके मागू लागले तर जरूर द्यावे. ते कसे असावे? धुऊन धुऊन मऊ झालेले सुती कापड सर्वांत चांगले. आकार हातरुमालाएवढा पुरे. गळ्याभोवती गुंडाळले जाईल इतके लांब नसावे. नाडी, गोंडा, मणी, बटण, टिकली काही नको. ते घशात अडकते. कडा दुमडून शिवाव्यात. सुटा दोरा बोटाला गुंडाळला की बोट सुजून काळेनिळे पडते. सेफ्टी पिन तर नकोच. चूल, शेगडी, दिवा यांच्याजवळ मूल फडके घेऊन जाणार नाही, हे पाहावे. आणि पहिल्यापासून एकाच कापडाचे दोन तुकडे करून आलटून पालटून द्यावेत. एक धुऊन उन्हात वाळत असतो, दुसरा हातात असतो. दोघांचा वास मुलाच्या ओळखीचा राहतो. मी हे आधी केले असते, तर आईने दिलेला तुकडा परत आला नसता.

शिक्षकबंधूंना आणि अंगणवाडीच्या ताईंना एक विनंती आहे. पहिल्या दिवशी एखादे मूल मुठीत चिंधी घेऊन आले, तर ती हिसकावू नका; चारचौघांत हसू नका. "ठेव तुझ्या पिशवीत, लागली की घे," एवढे म्हणा. मूल खेळात रमले की मूठ आपोआप सुटेल. शिक्षा म्हणून चिंधी काढून घेणे तर कधीच नको.

माझ्या धाकट्या बहिणीला नुकताच मुलगा झाला. आईने त्याच लुगड्याचे दोन चौकोन शिवून आणले, कडा दुमडून. आम्ही ते धुऊन कोनाड्यात ठेवले आहेत. पहिला वाढदिवस झाल्यावरच ते खाली यायचे, असे ठरले आहे. तोवर बाळाला आईची जागती कूस आहेच.