दुखावलेला गुडघा आणि धांवण्याचे बूट

पहांटेच्या अंधारांत रस्त्यावर धांवणारे तरुण हें दृश्य भंडारा जिल्ह्यांत, करडीसारख्या धानाच्या मुलखांतील गांवीं, अनोळखी नाहीं. त्यांतील पुष्कळांची दृष्टि पोलीस भरतीकडे असते. त्या परीक्षेंत पुरुषांस १६०० मीटर व स्त्रियांस ८०० मीटर धांवावें लागतें, आणि थोड्या सेकंदांच्या अंतरानें गुण वाढतात वा घटतात. अशा वेळीं बांधीच्या धुऱ्यावरून पाय घसरून गुडघा मुरगळला, म्हणजे केवळ एक सांधा दुखावत नाहीं; साऱ्या घरानें धरलेली आशा लंगडूं लागते. मग दोन उपाय सुचतात : दुखणें दाबून धांवणें, नाहींतर महाग बूट आणणें. दोहोंपैकीं एकानेंही गुडघा बरा होत नाहीं.

प्रथम दुखणें कोणतें हें ठरलें पाहिजे. दुखापतीनंतर दोन-तीन तासांतच गुडघा टरारून सुजला, मध्येंच अडकूं लागला, किंवा चालतां चालतां दगा देऊं लागला, तर अस्थिरोगतज्ज्ञास दाखविल्यावांचून धांवूं नये. गुडघ्यांतील पुढचा अस्थिबंध तुटून शस्त्रक्रिया झाली असल्यास हलकें धांवणें साधारणपणें तीन-चार महिन्यांनीं, तेंही तज्ज्ञाच्या अनुज्ञेनें, सुरू होतें. उड्या मारण्याच्या व एकाएकीं वळण्याच्या खेळांस बहुधा नऊ महिने तरी थांबावें लागतें.

अमेरिकेची जोन बेनॉईट १९८४ सालीं गुडघ्यावरील शस्त्रक्रियेनंतर अवघ्या १७ दिवसांनीं ऑलिंपिकच्या निवड-शर्यतींत पहिली आली, व त्याच वर्षीं लॉस एंजेलिस येथें तिनें मॅरेथॉनचें सुवर्णपदक मिळविलें. उदाहरण उत्साहवर्धक खरें. परंतु दुर्बिणीनें केलेल्या त्या शस्त्रक्रियेंत सांध्यांतील अडथळा करणारी एक घडी काढली गेली होती, तुटलेला अस्थिबंध जोडलेला नव्हता. दुसऱ्याचे दिवस आपल्या गुडघ्यासाठीं मोजूं नयेत.

सूज उतरली, गुडघा पूर्ण वांकूं व सरळ होऊं लागला, अर्धा तास भरभर चालून आणि जिना उतरूनही कळ आली नाहीं, म्हणजे आरंभ करावा. एक मिनिट धांवावें, दोन मिनिटें चालावें; असें आठ वेळां करून थांबावें आणि पुढील दिवस विश्रांतीस द्यावा. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशीं सकाळीं होते. त्या वेळीं सूज किंवा वाढलेली वेदना दिसली, तर एक पायरी मागें यावें. आधीं धांवण्याचा अवधि वाढवावा, वेग मागाहून. धांवतांना प्रत्येक पावलीं शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार पायावर येतो; पाऊल किंचित् आंखूड व जलद टाकल्यास गुडघ्यावरील ताण कमी होतो. खुर्चीवरून सावकाश उठणें-बसणें, पायरी चढणें-उतरणें, अशा व्यायामांनीं मांडी व कंबर बळकट करणें हाही उपचाराचाच भाग होय.

आतां बुटांविषयीं. इथियोपियाच्या अबेबे बिकिलानें ऑलिंपिक मॅरेथॉन १९६० सालीं रोम येथें अनवाणी जिंकली, तर १९६४ सालीं टोकियो येथें बूट घालून. अमेरिकेच्या सैन्यदलांत नव्या शिपायांवर झालेल्या प्रयोगांत तळव्याची ठेवण पाहून बूट दिल्यानें दुखापती कमी झाल्या नाहींत. म्हणून जाहिरातीपेक्षां पायाची साक्ष मोलाची. पाय किंचित् फुगलेले असतात अशा संध्याकाळच्या वेळीं, मोजे घालून, दोन्ही बूट चढवावे. बोटांपुढें अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहावी, टांच निसटूं नये, आणि दुकानांत चार पावलें धांवतांच सुख वाटावें. फार पातळ तळाचे बूट गुडघ्यावरील कांहीं भार पोटरीवर व घोट्यावर ढकलतात. त्यांची संवय सावकाश लावावी. सुमारें ५०० ते ८०० किलोमीटरनंतर जोड बदलावा, आणि कोरा जोड परीक्षेच्याच दिवशीं घालूं नये.

वयोमर्यादा जवळ आलेल्या तरुणास "थांब" म्हणणें सोपें नाहीं. तथापि अर्धवट बऱ्या झालेल्या गुडघ्यानें दिलेली परीक्षा पुष्कळदां ती भरतीही घालविते आणि पुढचीही. अशा वेळीं बुटांसाठीं सांठविलेल्या पैशांतून पहिला खर्च तपासणीचा करावा, आणि घरच्या वडीलधाऱ्यांनीं "केव्हां धांवणार?" असें विचारण्याऐवजीं "आज सकाळीं गुडघा कसा आहे?" असें विचारावें.