बिब्ब्याची खूण आणि शर्टातली चिप

आम्ही जालन्याच्या एमआयडीसीला लागून असलेल्या वस्तीतल्या एका बचत गटाच्या बाराजणी. माईकपुढं एकीला बसवलंय, पण बोलणं सगळ्यांचं आहे, म्हणून 'आम्ही' म्हणतो. आजचा विषय आहे धुणं. कुणी म्हणेल, रोज तेच करतो, आता रेडिओवरही तेच ऐकायचं का? जरा थांबा. आज घरच्या धुण्याचं नाही, कामावरच्या कपड्यांच्या धुण्याचं बोलायचंय. त्यात पैसा आहे, आणि त्यात विषही आहे.

जालना सोन्याचा पाळणा, असं जुनी माणसं म्हणायची. आता इथं सळई निघते, बियाणं निघतं. आणि या पाळण्याची झबली-दुपटी धुवायचं काम आमच्याकडं आलं ते दोन वर्षांपूर्वी. एका ठेकेदारानं विचारलं, कामगारांचे आणि वॉचमनचे ड्रेस धुऊन, इस्त्री करून द्याल का? आठवड्याला साठ-बासष्ट ड्रेस. आम्हाला वाटलं, धुणं तर आईच्या पोटातूनच शिकून आलोय, यात काय शिकायचं? मोठ्या टोपात सोडा टाकून उकळायचं, मोगरीनं आपटायचं, दोरीवर टाकायचं.

पहिला महिना बरा गेला. दुसऱ्या महिन्यात ठेकेदार म्हणाला, चार पँटी आणि तीन शर्ट कमी आहेत. आम्ही म्हणलो, तुम्ही दिले तेवढेच परत केले. तो म्हणाला, दाखवा कुठं लिहिलंय. लिहिलं कुठं होतं? सगळे कपडे एका रंगाचे, एका मापाचे. कुणाचा कोणता, ते देवालाही सांगता आलं नसतं. त्यानं भरपाई कापली आणि त्या महिन्याचा सगळा नफा गेला. वर एकीच्या हाताची सोड्यानं सालटी निघाली, ती पंधरा दिवस भाकरी थापू शकली नाही.

मग आम्ही काम थांबवलं आणि वस्तीतल्या एका म्हाताऱ्या परीट आजोबांकडं जाऊन बसलो. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "खूण कुठं घालता?" आम्ही एकमेकींकडं बघितलं.

आजोबांनी सांगितलं ते असं. पूर्वी प्रत्येक घराची एक खूण असे. दोन ठिपके, एक फुली, एक आडवी रेघ. ती घालायची बिब्ब्यानं. बिब्बा टोचायचा, त्याचं तेल कापडावर काढायचं, वर चुना लावायचा. काळी खूण उमटते, आणि कापड फाटेल पण खूण जात नाही. इंग्रजांनी बिब्ब्याला नावच खूण करायचं फळ असं दिलं होतं. कुठं बेवारस कपडा सापडला तर पोलीस परटाची खूण बघून माणसाचा माग काढत. पण बिब्बा उततो, हे तुम्हाआम्हाला सांगायला नको. गोडंबी फोडणाऱ्या बायांचे हात बघितलेत ना? दुसऱ्या महायुद्धात इथं आलेल्या अमेरिकन सोल्जरांच्या मानेला, कमरेला फोड यायचे. डॉक्टर चक्रावले. शेवटी कळलं, धोब्यानं कॉलरला आणि कंबरपट्टीला घातलेली बिब्ब्याची खूण बाधते आहे. म्हणून बिब्बा आम्ही घेतला नाही. त्यातली युक्ती तेवढी घेतली.

आता बघा, जगातल्या मोठमोठ्या लाँड्र्या आज काय करतात? तीच खूण घालतात. फक्त बिब्ब्याच्या जागी चिप आली. बटणाएवढी किंवा बोटभर लांब पट्टीसारखी चिप कपड्याच्या शिवणीत बसवलेली असते. तिला बॅटरी लागत नाही. दारात लावलेल्या यंत्राजवळून पोतं गेलं की आतले सगळे कपडे पोतं न उघडता मोजले जातात. कोणता शर्ट कुणाचा, किती वेळा धुतला, कधी आला, सगळं कॉम्प्युटरवर येतं. धुणं, वाळवणं, इस्त्री सोसून ती चिप साधारण दोनशे धुण्या टिकते. भाजीवाल्याकडं पैसे देताना आपण जो चौकोनी कोड स्कॅन करतो, तोही कापडी पट्टीवर छापून लावता येतो, पण तो एकेक कपडा हातात घेऊन मोबाईलला दाखवावा लागतो.

आमच्या गटाला चिप परवडत नाही. आम्ही रंगीत दोरा घेतला. कॉलरच्या आत, पँटीच्या कंबरपट्टीच्या आत टाके. लाल म्हणजे पहिली पाळी, हिरवा म्हणजे दुसरी, निळा म्हणजे वॉचमन. टाक्यांची संख्या म्हणजे माणसाचा नंबर. आणि वहीत दोन सह्या, घेताना एक, देताना एक. तेव्हापासून एकही कपडा हरवला नाही. खरं सांगायचं तर एक हरवला होता, पण तो कोणाचा ते आम्हाला लगेच कळलं आणि त्याच्याच घरी दोरीवर सापडला.

हा धंदा मोठा कसा झाला, तीही गोष्ट ऐका. अमेरिकेत सिनसिनाटी नावाचं नदीकाठचं गाव आहे. तिथं १९२९ साली, मंदीच्या दिवसांत, सर्कशीत काम केलेला रिचर्ड फार्मर आणि त्याची बायको अमेलिया हे दोघं कारखान्यांतून तेलकट चिंध्या गोळा करून आणायचे. यंत्रं पुसून फेकून दिलेल्या चिंध्या. त्या धुवायच्या आणि त्याच कारखान्यांना परत विकायच्या. १९३७ च्या महापुरात सगळं वाहून गेलं, पुन्हा उभं केलं. पुढं त्यांच्या नातवानं चिंध्यांसोबत कामगारांचे ड्रेसही भाड्यानं द्यायला सुरुवात केली. आज ती सिंटास नावाची फार मोठी कंपनी आहे. चिंधीवरून निघालेली. आपल्याकडं गोधडीसाठी चिंध्या जपून ठेवणाऱ्या बायांना कंजूस म्हणतात, ते या ठिकाणी आठवलं.

भाड्याचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. तिथं कपडा कामगाराचा नसतो, कारखान्याचाही नसतो, लाँड्रीचा असतो. एका कामगारामागं अकरा जोड धरतात. पाच अंगावर घालायचे, पाच धुवायला गेलेले, एक हाताशी. फाटला तर लाँड्री रफू करते, विटला तर बदलून देते. दर आठवड्याला ठरलेलं भाडं. म्हणजे धुण्याचे, शिवण्याचे आणि मोजण्याचे, तिन्हीचे पैसे. आणि आपण? आपण फक्त धुण्याचे मागतो. गटात शिलाई मशीन चालवणाऱ्या तिघी आहेत, त्या बटण लावून देतात, उसवलेलं शिवून देतात. ते आम्ही वर्षभर फुकट केलं. आता नाही करत.

आता विषाचं. कामगाराच्या जाड कपड्याला डांगरी म्हणतात ना? हा शब्द आपलाच. डुंगरी नावाचं जाडंभरडं कापड मुंबईकडून विलायतेला जायचं, मुंबईच्या डोंगरी भागावरून ते नाव पडलं असं म्हणतात. तर १९६५ साली लंडनच्या डॉक्टरांनी एक तपास छापला. सिमेंटच्या पत्र्यांत घालायचे ते ॲस्बेस्टॉसचे तंतू, त्यानं होणाऱ्या कॅन्सरच्या रोग्यांचा तपास. त्यात नऊ जण असे निघाले, ज्यांनी त्या कारखान्यात कधी काम केलं नव्हतं. घरातलं कुणीतरी करायचं. त्यात बहुतेक बायका होत्या, आणि त्यांनी काय केलं होतं? नवऱ्याची डांगरी झटकून धुतली होती. बस, एवढंच.

आपल्याकडं १९४८ च्या कारखाने कायद्यात कामगारांना हातपाय धुवायची सोय हवी असं लिहिलं गेलं. सरकार नियम करील तिथं कपडे ठेवायला आणि ओले कपडे वाळवायला जागाही द्यायची. तरी मळका ड्रेस पिशवीत घालून घरीच येतो, आणि लेकराच्या लंगोटाबरोबर एकाच टोपात भिजतो. आम्हीसुद्धा भिजवायचो.

ज्यांच्या घरात कारखान्याचा माणूस नाही, त्यांनी शेतातल्या फवारणीचा शर्ट डोळ्यापुढं आणा. कपाशीचा जिल्हा आहे आपला. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. फवारणाऱ्याबद्दल तेव्हा पुष्कळ बोललं गेलं. तो शर्ट धुणारीबद्दल कुणी बोललं का?

म्हणून हे नीट ऐका. फवारणीचा कपडा त्याच दिवशी धुवायचा, साठवायचा नाही. इतर धुण्यात मिसळायचा नाही, त्याला वेगळी बादली, तीवर लाल रंगाचा पट्टा ओढून ठेवा. हातात रबरी मोजे हवेत, कापडी नकोत, कापड विष पितं. घडी उलगडून झटकू नका. आधी नुसत्या पाण्यातून खळबळून काढा, मग कडक पाण्यात साबण घालून धुवा, वास राहिला तर पुन्हा धुवा. घरात मशीन असेल तर त्यानंतर एकदा रिकामीच फिरवा. वाळत घालायचा उन्हात, घराबाहेर. ते पाणी विहिरीजवळ, हौदाजवळ, नाल्यात सोडू नका. आणि बाटलीतलं न मिसळलेलं औषध कपड्यावर सांडलं असेल तर तो कपडा धुवायचाच नाही, टाकून द्यायचा. नवा आहे, परवाच घेतलाय, असं म्हणून जीव तुटेल, पण टाकायचा.

पाण्याचं आता थोडक्यात. २०१२-१३ चा दुष्काळ जालन्यानं कसा काढला ते आपल्याला ठाऊक आहे. टँकरमागं हंडे घेऊन आपणच पळत होतो. मोठ्या लाँड्रीच्या साध्या मशीनला एक किलो कपड्याला साधारण पंधरा-वीस लिटर पाणी लागतं. आता लांबलचक बोगद्यासारखी मशीनं आली आहेत, त्यात कपडे एका बाजूनं पुढं सरकतात आणि पाणी उलट बाजूनं येतं. शेवटचं स्वच्छ पाणी मागच्या मळक्या कपड्यांना वापरलं जातं. पाच ते आठ लिटरमध्ये काम होतं. ऐकलं तेव्हा आमच्यातली एक म्हणाली, हे तर आपण दुष्काळात करायचो! शेवटच्या खळबळीचं पाणी पुढच्या भिजवणीला. तेच आता आम्ही तीन हौद करून करतो. फक्त तेलकट ड्रेसचं पाणी त्यात घेत नाही.

मधे एका दवाखान्याच्या चादरींचं काम चालून आलं. पैसे चांगले होते. आम्ही नाही म्हणलो. त्या चादरीतले जंतू मरायला पाणी ७१ अंशांवर सलग तीन मिनिटं, नाहीतर ६५ अंशांवर दहा मिनिटं राहावं लागतं, असा विलायतेतल्या दवाखान्यांचा नियम आहे. आमच्याकडं बॉयलर नाही, आणि चुलीवरच्या टोपात सगळीकडं सारखी आच लागते की नाही ते मोजायला थर्मामीटरही नव्हता. थर्मामीटर आता घेतलाय. बॉयलर नाही.

ठेकेदार या महिन्यात पुन्हा आला होता. आम्ही अटी लिहून दिल्या. मोजणी त्याच्या माणसासमोर, कोरडे असतानाच. वॉचमन आणि कँटीनचे ड्रेस धुऊ. भट्टीवरचे, केमिकलचे ड्रेस वेगळ्या पोत्यात, आणि त्यात काय सांडलं आहे ते चिठ्ठीवर लिहिलेलं असेल तरच उघडू. रबरी मोजे त्यानं द्यायचे. बटण आणि शिवण यांचे पैसे वेगळे. त्यानं दराला मान हलवली, मोज्यांनाही हो म्हणाला, चिठ्ठीला मात्र अडला. "कोण लिहीत बसणार, ताई?" म्हणाला. आम्ही म्हणलो, भाऊ, तुमच्या सुपरवायझरला लिहिता येतं, आमच्या चौथीतल्या पोरीलाही येतं. गुरुवारी पोती यायची आहेत. चिठ्ठी नसलेलं पोतं आहे तसं परत जाईल, असं बाराजणींनी सही करून वहीत लिहिलंय.