गेलेली वीज परत येते तेव्हा



पावसाळ्यातील एखाद्या संध्याकाळी वीज जाते, आणि घरातील माणसे मेणबत्ती किंवा विजेरी शोधू लागतात. काही वेळाने दिवे पुन्हा उजळतात आणि साऱ्या वस्तीतून समाधानाचा एक उद्गार उठतो. परंतु ज्या क्षणी माणसाला हायसे वाटते, नेमका तोच क्षण घरातील यंत्रांना कसोटीचा असतो. बिघडलेला संच घेऊन दुरुस्तीच्या दुकानी जाणारा मनुष्य बहुधा एवढेच सांगतो, की काल सर्व ठीक होते. वीज गेली आणि आली, बाकी काही झाले नाही. या 'बाकी काही नाही' मध्येच साऱ्या बिघाडाचे मूळ असते. यंत्र चालताना जितके थकत नाही, तितके ते चालू होताना थकते. ते का, आणि त्यावर विद्युत्-शास्त्रज्ञांनी कोणता उपाय योजला, हे समजून घेण्याजोगे आहे.

आजच्या बहुतेक उपकरणांच्या पोटात एक छोटा कोठारी बसलेला असतो. घरातली वीज २३० व्होल्टची. आतल्या नाजूक मंडलांना मात्र ५ व्होल्ट, ३ व्होल्ट किंवा त्याहूनही कमी दाब लागतो. हा दाब मोजून मापून देण्याचे काम नियामकाचे, म्हणजे रेग्युलेटरचे. जुन्या पद्धतीचा नियामक जास्तीचा दाब सरळ उष्णतेच्या रूपाने जाळून टाकी. १२ व्होल्टांतून ५ व्होल्ट काढून ५ अँपिअर प्रवाह द्यावयाचा झाला, तर २५ वॉट कामी येत आणि ३५ वॉट नुसते तापण्यात जात. ही उधळपट्टी टाळण्यासाठी स्विचिंग रेग्युलेटर पुढे आला. यात एक ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा उघडतो व मिटतो. त्यातून निघालेले विजेचे तुकडे एका कॉइलमधून व कंडेन्सरमधून जाऊन सपाट होतात. ट्रान्झिस्टर किती काळ उघडा ठेवायचा, हे कमीजास्त केले की दाब हवा तेवढा मिळतो. १९७७ साली आलेल्या ॲपल-टू या संगणकात रॉड होल्ट यांनी अशाच जातीचा वीजपुरवठा बसविला होता. आज तर भ्रमणध्वनीच्या चार्जरपासून रुग्णालयातील यंत्रांपर्यंत सर्वत्र त्याचेच राज्य आहे.

आता या कोठाऱ्याची कार्यपद्धती पाहा. तो बाहेर जाणारा दाब सतत मोजतो, आपल्याजवळील एका ठरावीक मापाशी ताडून पाहतो, आणि उणे आढळले की ट्रान्झिस्टर अधिक काळ उघडा ठेवतो. नित्याच्या व्यवहारात ही दक्षता फार उपयोगी पडते. परंतु आरंभाच्या क्षणी कंडेन्सर रिकामा असतो, म्हणजे दाब शून्य असतो. नियामकाला दिसते ते इतकेच, की पाहिजेत ५ व्होल्ट आणि आहेत शून्य. मग तो सारे दरवाजे सताड उघडतो. नोकर जितका इमानी, तितका येथे अनर्थ मोठा.

हा अनर्थ आकड्यांत मांडता येतो. १००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ५ व्होल्टपर्यंत भरण्यास लागणारी वीज ठरलेली आहे. ती एका मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात भरण्याचा हट्ट धरला, तर ५० अँपिअरचा प्रवाह लागेल. तेच काम १० मिलिसेकंदांत करावयाचे ठरविले, तर अर्धा अँपिअर पुरे होतो. दोन्ही प्रकारांत माणसाच्या डोळ्याला काहीच फरक कळणार नाही. ट्रान्झिस्टरला मात्र तो जीवन-मरणाचा फरक आहे.

दुसरे संकट याहून फसवे आहे. कॉइलमधून प्रवाह वाहत असता तिच्यात ऊर्जा साठते, आणि दरवाजा मिटला तरी ती ऊर्जा पुढे कंडेन्सरमध्येच जाऊन पडते. समजा, १०० मायक्रोहेन्रीच्या कॉइलमधून ५ अँपिअर प्रवाह धावत आहे, १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर नुकताच ५ व्होल्टला पोहोचला आहे, आणि ती वीज खाणारे पुढे कोणी नाही. हिशेब केला तर कॉइलमधील ऊर्जा आणि कंडेन्सरमधील ऊर्जा अगदी सारखी भरते. दोन्ही एकत्र आल्या की ऊर्जा दुप्पट होते आणि दाब ७ व्होल्टच्या किंचित वर चढतो. टीटीएल जातीच्या जुन्या ५-व्होल्टी मंडलांची सहनमर्यादा ७ व्होल्टचीच असे! म्हणजे नियामकाने वेळेवर दार लावले, तरी घरातला पाहुणा दगावला तो दगावलाच.

यावरचा उपाय आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. फार दिवस उपाशी राहिलेल्या माणसापुढे कोणी पंचपक्वान्नांचे ताट ठेवीत नाही. त्याला प्रथम पेज देतात, मग मऊ भात, आणि मग पूर्ण जेवण. विद्युत्-शास्त्रात याला 'सॉफ्ट स्टार्ट' म्हणतात. मराठीत मृदु आरंभ म्हणता येईल. युक्ती अशी, की ज्या मापाशी दाब ताडून पाहावयाचा, ते मापच आरंभी शून्यावर ठेवावयाचे आणि सावकाश वर न्यावयाचे. माप वाढेल त्याच गतीने दाबही वाढतो. कोठे घाई नाही, कोठे अतिरेक नाही. काही रचनांत माप न बदलता दार उघडे राहण्याच्या काळावरच असा चढता निर्बंध घालतात, हेतू एकच.

घरगुती इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना एसजी ३५२५ ही चकती चांगली परिचित असते. तिचा आठव्या क्रमांकाचा पाय याच कामासाठी राखून ठेवलेला आहे. त्या पायातून सुमारे ५० मायक्रोअँपिअर इतका क्षीण प्रवाह निघतो. तेथे एक मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जोडला, तर त्यावरील दाब ३ व्होल्टपर्यंत चढण्यास ६० मिलिसेकंद लागतात, आणि तेवढ्या काळात इन्व्हर्टर हळूहळू जागा होतो. काही पैशांचा हा कंडेन्सर 'नसला तरी चालते' म्हणून कोणी वगळला, तर यंत्र खरोखरच चालते. पण प्रत्येक आरंभी त्याच्या आयुष्यातला एक तुकडा झिजतो, आणि मग एके दिवशी कारण न सांगता ते थांबते.

येथवर पहिल्या आरंभाचा विचार झाला. परत येणाऱ्या विजेचा प्रश्न याहून बिकट आहे. कारण वीज पुष्कळदा पुरती जात नाही, ती नुसती खंगते. दिवे मिणमिणू लागतात. अशा वेळी स्विचिंग रेग्युलेटर विचित्र वागतो. पुढे ६० वॉट द्यावयाचे, तर १२ व्होल्टला त्याला ५ अँपिअर पुरतात. दाब ६ व्होल्टवर आला की तो १० अँपिअर ओढू लागतो. आधीच अशक्त झालेल्या पुरवठ्यावर तो दुप्पट ओझे घालतो. शिवाय दाब भरून काढण्याच्या धडपडीत त्याने सारे दरवाजे सताड उघडलेले असतात; एवढ्यात पूर्ण वीज अकस्मात परतली, तर ते मिटण्यापूर्वीच पूर आत शिरतो.

म्हणून सुज्ञ रचनाकार नियामकाला दोन गोष्टी शिकवितात. पहिली, पुरवठा एका मर्यादेखाली गेला की धडपड न करता काम थांबवावे आणि मृदु आरंभाचा कंडेन्सर रिकामा करावा, म्हणजे पुन्हा सुरुवात होईल ती पेजेपासूनच होईल. दुसरी, थांबण्याची आणि सुरू होण्याची मर्यादा एक नसावी. यूसी ३८४२ ही चकती १६ व्होल्ट मिळाल्यावाचून जागी होत नाही, पण एकदा जागी झाली की १० व्होल्टपर्यंत दम धरते. हे अंतर नसते, तर काम सुरू होताच दाब किंचित पडून यंत्र थांबले असते, थांबताच दाब चढून ते पुन्हा सुरू झाले असते, आणि या धरसोडीतच त्याचा अंत झाला असता.

एक शत्रू मात्र या शिस्तीच्या बाहेर राहतो. २३० व्होल्टच्या विजेचे शिखर ३२५ व्होल्टचे असते, आणि ती प्रथम ज्या मोठ्या कंडेन्सरवर आदळते त्याच्या रक्षणाला बहुधा एक थर्मिस्टर उभा असतो. थंड असता त्याचा रोध १० ओहम धरला, तर प्रवाह सुमारे ३२ अँपिअरच्या वर जाऊ शकत नाही. चालू स्थितीत तो तापतो आणि त्याचा रोध घसरतो. नाहीतर वीज फुकट गेली असती. परंतु वीज दोन-चार सेकंद जाऊन परत आली, तर पहारेकरी अजून तापलेलाच असतो आणि कंडेन्सर मात्र रिता झालेला असतो. तासाभराच्या अंधारापेक्षा डोळ्याची पापणी लवावी तसा झालेला खंड अधिक घातक ठरतो, तो यामुळे.

एखाद्या शाळेत दहा संगणक एकाच तारेवर जोडलेले असतात. वीज परतते, दहाही कंडेन्सर एकदम भुकेने धावून जातात, आणि भिंतीवरील खटका पडतो. दोष वायरिंगला दिला जातो. कोणी तेथे अधिक जाड फ्यूज घालून मोकळा होतो, आणि आगीला आमंत्रण देतो. वस्तुतः करावयाचे ते सोपे आहे. वीज गेली की उपकरणांचे खटके बंद करावेत. ती परतली की एक-दोन मिनिटे तिला स्थिर होऊ द्यावे. तेवढ्यात थर्मिस्टरही निवतो. मग एकेक उपकरण क्रमाने सुरू करावे. ज्या घरात दूरचित्रवाणीचा संच किंवा संगणक वर्षाच्या बचतीतून आला आहे, तेथे ही दोन मिनिटे महाग नाहीत. आणि जेथे आजाऱ्याच्या उशाशी प्राणवायूचे यंत्र चालू आहे, तेथे ते बंद ठेवून वाट पाहता येत नाही. म्हणून अशा घरी यंत्रासाठी बॅटरीचा आधार आणि प्राणवायूचे भरलेले नळकांडे आधीच सज्ज असले पाहिजे.

शक्ती हाती आहे म्हणून ती एकदम वापरावी असे नाही. रिकाम्याला भरताना बेताने भरावे, आणि खंगलेल्याने आधी थांबून मग पहिल्यापासून आरंभ करावा, एवढेच त्या पैशाच्या कंडेन्सरचे सांगणे आहे.