म्हाताऱ्या मोटारीचा संसार

जुन्या वस्तूंविषयीं आदर बाळगणारांची पुण्यांत कधींच वाण पडली नाहीं. जुना वाडा, जुनी पोथी, जुना तंबोरा यांची गोष्ट निघाली कीं आपण कान टवकारतों. परंतु जुनी मोटार, आणि तीहि एखाद्या संस्थानिकाच्या दारची लांबलचक मोटार नव्हे, तर मध्यम स्थितींतल्या कुटुंबानें चार पैसे गांठीला बांधून घेतलेली लहान मोटार, ही आदराची वस्तु कीं अडगळीची, याविषयीं घरोघर मतभेद असतो. आमच्याहि घरीं तो आहे. माझी गाडी १९६४ सालची फियाट अकराशें. ती ठेवावी कां, आणि ठेवली तर कशासाठीं, एवढाच प्रश्न आज आपल्यापुढें मांडावयाचा आहे.

या गाडीचें कूळ परदेशी, पण वाढ येथली. इटलींतील फियाट कंपनीनें १९५३ सालीं ‘अकराशें’चा नवा अवतार काढला आणि लवकरच तो मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होऊं लागला. हा कारखाना प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा. वालचंद हिराचंद यांनीं ती कंपनी १९४४ सालीं स्थापन केली होती. आरंभींच्या गाडीचें नाकाड इतकें वाटोळें होतें कीं, मराठी माणसानें तिचें बारसें ‘डुक्कर फियाट’ असें करून टाकलें. या नांवांत तिरस्कारापेक्षां लाडच अधिक होता. पुढें तें नाकाड बसलें, १९६४ सालीं ‘डिलाइट’ नांवाची आवृत्ति निघाली, आणि १९७४ पासून तीच गाडी चितोडच्या राणीचें नांव घेऊन ‘पद्मिनी’ झाली. विसावें शतक सरतां सरतां तिचें उत्पादन थांबलें. मुंबईंतील तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें रस्त्यावरून निवृत्त झाली.

लहान मोटार ही कल्पना मोठ्या मोटारीचें कापून लहान केलेलें रूप नव्हे. इंग्लंडांत हर्बर्ट ऑस्टिन यांनीं १९२२ सालीं ‘सेव्हन’ ही चिमुकली गाडी काढली, फ्रान्समध्यें सित्रोएन कंपनीनें १९४८ सालीं खेड्यांतल्या शेतकऱ्याला परवडेल अशी गाडी दाखविली. आपल्याकडेहि शंकरराव कुलकर्णी यांनीं १९४९ पासून ‘मीरा’ नांवाच्या छोट्या गाडीचे एकामागून एक नमुने स्वतः बनविले. ती बाजारांत कधींच आली नाहीं, तरी तिच्यामागचा विचार तोच होता. ज्या घरांत एकच मिळवता आहे, त्या घराला मोटार घेतां यावी आणि घेतल्यावर ती पोसतांहि यावी. स्वस्त वस्तु घेतांना पैसे वाचविते. काटकसरीची वस्तु वापरतांना वाचविते. हा भेद ध्यानांत आला म्हणजे जुन्या लहान मोटारीचें मर्म कळतें.

माझ्या गाडीचें झांकण उघडा. १०८९ घनसेंटिमीटरचें चार नळकांड्यांचें इंजिन, आणि त्याच्या भोंवतीं हात घालावयास ऐसपैस जागा. प्लग कोठें, कार्ब्युरेटर कोठें, पंप कोठें, हें शाळेंतल्या मुलालाहि बोटानें दाखवितां येतें. बिघाड झाला तर तो डोळ्यांनीं दिसतो, कानांनीं ऐकूं येतो, नाकाला कळतो. उन्हाळ्यांत कात्रजचा घाट चढतांना पेट्रोलची नळींतच वाफ होऊन गाडी रुसते. त्यावरचा उपाय म्हणजे पंपावर ओलें फडकें ठेवून दहा मिनिटें गप्पा मारीत बसणें. असल्या औषधाला पैसा पडत नाहीं, धीर मात्र लागतो.

चालविण्याचेंहि तसेंच. गिअरची दांडी चक्राच्या गळ्याशीं असते. सकाळीं चोक ओढून इंजिन सुरू करावें, त्याचा श्वास एकसारखा झाला कीं चोक हळूहळू आंत सारावा. चारी चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रमचे ब्रेक आहेत, म्हणून पुढच्या गाडीपासून चार हात अधिक अंतर राखावें लागतें. लक्ष्मी रस्त्यावर असें अंतर राखलें कीं त्यांत दोन स्कूटरी आणि एक रिक्षा येऊन बसते, हा भाग निराळा! तरी चालकानें पुढचें पाहून वागावें, घाई करूं नये, यंत्राचें ऐकावें, ही शिस्त ती गाडी न बोलतां लावते.

आतां घरांतला दुसरा पक्ष काय म्हणतो तें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. तो म्हणतो, ‘ही गाडी धूर सोडते. हिला पट्टे नाहींत. टक्कर झाली तर आंतल्या माणसांना वांचविण्याची कोणतीहि योजना हिच्यांत नाहीं.’ हें सारें खरें आहे. पुण्याची हवा आधींच जड झाली आहे, आणि साठ वर्षांपूर्वींच्या इंजिनानें तींत रोज भर घालावी याचें समर्थन मला करतां येत नाहीं. शिवाय पेट्रोलहि बदललें आहे. हल्लीं त्यांत शेंकडा वीस भाग इथेनॉल असतें. तें पाणी शोषून घेतें आणि जुन्या रबराच्या नळ्या व पडदे मऊ करतें. तीं रबरें बदलून घेणें हें आतां अशा प्रत्येक गाडीच्या धन्याचें पहिलें कर्तव्य झालें आहे.

सरकारनेंहि या प्रश्नाचें एक उत्तर दिलें आहे. जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांपेक्षां जुन्या व मूळ स्वरूपांत राखलेल्या गाडीची ‘विंटेज’ म्हणून निराळी नोंद करतां येते. तिला निराळी पाटी मिळते. त्यासाठीं वीस हजार रुपये भरावे लागतात आणि ती नोंद दहा वर्षें चालते. परंतु अशी गाडी प्रदर्शनाला, शर्यतवजा मिरवणुकीला, दुरुस्तीला किंवा पेट्रोल भरावयाला न्यावी. नित्याच्या जाण्यायेण्याला वापरूं नये. ज्याला ही नोंद नको त्यानें साधी नोंदणी दर पांच वर्षांनीं तपासणी करवून वाढवून घ्यावी. मीं हा दुसरा मार्ग पत्करला आहे, आणि त्याचें कारण हट्ट नव्हे.

राजेरजवाड्यांची गाडी प्रदर्शनांत शोभते, कारण ती पाहण्यासाठींच केलेली होती. लहान मोटार मात्र वापरण्यासाठीं केलेली होती. ती उभी राहिली कीं तिचा अर्थच संपतो. आणि तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट संपते. नाना पेठेंतल्या सुट्या भागांच्या दुकानांतून आणि जुन्या बाजारांतल्या पसाऱ्यांतून नेमका हवा तो वायसर उचलणारी नजर, कागदाच्या जाडीनें पॉइंटांतलें अंतर जोखणारी बोटें, नुसत्या आवाजावरून कोणता झडपा सैल आहे हें सांगणारा कान, ही विद्या कोणत्याहि ग्रंथांत लिहिलेली नाहीं. ती मिस्त्रीच्या हातांत आहे, आणि तो मिस्त्री आज सत्तरीला आला आहे. त्याच्याजवळ शिकणारीं मुलें संगणक लावून नव्या गाड्या तपासतात. त्यांत त्यांचें पोट आहे, त्यांना दोष कोण देईल? पण काम आलें नाहीं तर हात विसरतात. चालत्या गाड्या उरल्या तरच हें काम येत राहील.

म्हणून आमच्या घरीं शेवटीं एक तह झाला आहे. रोजच्या कामाला, आणि लहान मुलांना नेण्याआणण्याला, ही गाडी निघावयाची नाहीं. रविवारीं पहांटे, रस्ते मोकळे असतांना, ती खडकवासल्यापर्यंत जाऊन यावयाची. महिन्यांतून एकदां मिस्त्रीच्या दारीं जावयाची, आणि तेथें घरांतल्या एका तरी तरुणानें हात काळे करावयाचे. धुराची तपासणी वेळेवर व्हावयाची. ज्या दिवशीं ती त्या तपासणींत उतरणार नाहीं, त्या दिवशीं इंजिन उघडल्यावांचून ती रस्त्यावर यावयाची नाहीं.

ज्यांच्या अंगणांत अशी एखादी गाडी कापडाखालीं झोंपली असेल, त्यांना माझी एवढीच विनंति आहे कीं, ती विकावयाची असल्यास खुशाल विका, पण भंगाराला देण्यापूर्वीं एकदां जाणत्या मिस्त्रीला दाखवा, आणि त्या वेळीं घरांतल्या मुलांना जवळ उभें करा. वस्तु टाकून नवी घेणें आपण सर्वच शिकलों आहों. वस्तु दुरुस्त करून चालविणें ही जी काटकसर आपल्या वडीलधाऱ्यांनीं संसारांत पाळली, ती पाहावयास मिळण्याची ठिकाणें थोडींच उरलीं आहेत. त्यांतलें एक या म्हाताऱ्या मोटारीच्या झांकणाखालीं आहे.