शिवसृष्टी : कृतज्ञता आणि उत्तरदायित्व

(शिवसृष्टीच्या हितचिंतकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



झालेल्या कामाचा आढावा घ्यावा आणि ज्यांच्या बळावर ते झाले त्यांचे ऋण मान्य करावे, यासाठी आपण एकत्र आलो आहोत. पुण्याजवळ आंबेगाव येथे २१ एकरांच्या परिसरात शिवकाळ साकारावा, हे शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे यांचे स्वप्न. १५ नोव्हेंबर २०२१ रोजी बाबासाहेब आपल्यातून गेले. ‘सरकारवाडा’ या पहिल्या टप्प्याचे लोकार्पण १९ फेब्रुवारी २०२३ रोजी केंद्रीय गृहमंत्री अमित शाह यांच्या हस्ते झाले. तो सोहळा पाहायला ते नव्हते. तरीही काम थांबले नाही. २०२५ मध्ये दुसऱ्या टप्प्याचे लोकार्पण मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झाले. भवानीमातेचे मंदिर, गंगासागर तलाव आणि ‘स्वराज्य, स्वधर्म, स्वभाषा’ या त्रिसूत्रीवर आधारलेला कार्यक्रम ही या टप्प्याची वैशिष्ट्ये.

या त्रिसूत्रीतील ‘स्वभाषा’ हा शब्द मला विशेष मोलाचा वाटतो. दरबारात फार्सी शब्दांचे प्राबल्य असताना महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध करवून घेतला. राज्य जिंकल्यावर त्याचा कारभार आपल्या शब्दांत चालला पाहिजे, ही दृष्टी त्यामागे होती. तलवारीचा पराक्रम मुलांना सहज समजतो. राज्यकर्त्याची ही दृष्टी त्यांना समजावून द्यावी लागते. शिवसृष्टीचे खरे प्रयोजन इथे आहे.

इतिहास जिवंत करून दाखवण्याची ही कल्पना जगाला नवी नाही. स्वीडनमधील स्टॉकहोम येथे आर्थर हाझेलियस यांनी १८९१ मध्ये ‘स्कान्सेन’ हे खुले संग्रहालय सुरू केले. यंत्रयुगात आपले ग्रामजीवन लोप पावत आहे, हे ओळखून त्यांनी देशाच्या निरनिराळ्या भागांतील जुनी घरे तेथे आणून पुन्हा उभारली. त्या घरांत जुन्या वेशातील माणसे जुने व्यवसाय करून दाखवू लागली. हाझेलियस १९०१ मध्ये निवर्तले. स्कान्सेन आजही चालू आहे. संस्थापकाच्या पश्चात समाजाने ते आपले मानले, म्हणून ते टिकले. आपली कसोटी याच ठिकाणी लागणार आहे.

एक गोष्ट स्पष्टपणे बोलतो. आपल्याकडे पायाभरणीला आणि लोकार्पणाला गर्दी होते, देणग्याही मिळतात. पुढे दहा वर्षांनी छप्पर गळू लागले, यंत्रे जुनी झाली, मार्गदर्शकांचे मानधन द्यायचे झाले की विचारणारे थोडे उरतात. कितीतरी चांगली स्मारके अशीच ओस पडलेली आपण पाहतो. चार टप्प्यांत पूर्ण व्हावयाच्या या प्रकल्पाचा खर्च सुमारे ४३८ कोटी रुपये अंदाजला गेला होता. शासनाचे आणि मोठ्या दात्यांचे साहाय्य आवश्यकच आहे. परंतु वास्तूत प्राण राहतो तो नित्य येणाऱ्या खारीच्या वाट्यामुळे. ‘जाणता राजा’चे शेकडो प्रयोग करून बाबासाहेबांनी समाजोपयोगी कामांसाठी निधी उभा केला, तोही तिकीट काढून मैदानात बसलेल्या सामान्य माणसाच्या बळावर. आज आपण ज्यांचे आभार मानतो आहोत, त्यांत त्या अनाम प्रेक्षकांना पहिले स्थान दिले पाहिजे.

दुसरे उत्तरदायित्व सत्याचे. बाबासाहेब घडले ते भारत इतिहास संशोधक मंडळात, ग. ह. खरे यांच्यासारख्या संशोधकांच्या सहवासात. कागदपत्रे आणि गडकोटांची पायपीट हा त्यांच्या रसाळ वाणीचा आधार होता. दिव्यांच्या झगमगाटाने डोळे दिपतात. त्या झगमगाटामागे साधनांचा आधार राहील, ही काळजी पुढील पिढीने घ्यायची आहे. म्हणून येथे ग्रंथ, कागदपत्रे आणि अभ्यासक यांवरील खर्चही देखाव्यांइतकाच आवश्यक मानला पाहिजे.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. महाराष्ट्रातील ११ आणि तमिळनाडूतील जिंजी, असे १२ दुर्ग त्यात आहेत. या मानामुळे आपली जबाबदारी वाढली आहे. शिवसृष्टीतील प्रतिकृती पाहून घरी परतणारा मुलगा पुढच्या रविवारी खऱ्या गडाच्या पायथ्याशी उभा राहिला पाहिजे. प्रतिकृतीने त्याला मुळाकडे नेले, तरच आपला पैसा आणि श्रम सार्थकी लागले.

तेव्हा माझी प्रत्येक कुटुंबाला तीन मागण्यांची विनंती आहे. वर्षातून एकदा मुलांना घेऊन येथे या. येताना, ज्याच्या घरी गाडी नाही, अशा एका शेजारच्या मुलालाही आणा. आणि यथाशक्ती, पण दरवर्षी, काहीतरी द्या. निधी नसेल तर वेळ द्या. ज्यांनी आजवर दिले, त्यांना मी विनम्र अभिवादन करतो. त्यांचे ऋण आभाराच्या शब्दांनी फिटणारे नाही. हे काम पूर्णत्वास नेऊनच ते फेडता येईल.

जय शिवराय! भारत माता की जय!